आगामी लेखक

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आगामी लेखक हमखास अप्पा बळवंत चौकात सापडतो. डायरी घ्यायची असते. जाड पुठ्ठा, पिवळसर कागद, मध्ये खुणेची रेशमी फीत. "शाई फुटणार नाही ना? कादंबरी लिहायचीय," असं तो दुकानदाराला बजावतो. दुकानदार आदराने मान डोलावतो आणि वीस रुपये जास्त लावतो.

पहिल्या पानावर वर्षाचा बेत. कादंबरी 27 फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी हातावेगळी. मग दिवाळी अंकांच्या कथा. एकाही संपादकाचं पत्र आलेलं नसतं. पण 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादक लेखकांच्या मागे लागतच आलेत, आपलाही पत्ता लागेल, असा त्याचा हिशेब.

कादंबरीचं बरंचसं काम उरकलेलं आहे, हे मात्र मानायला हवं. अर्पणपत्रिका तयार आहे. (पूर्वी ती सासऱ्यांच्या नावे होती, फ्लॅटच्या व्यवहारानंतर बदलली.) मनोगत नऊ पानांचं आहे आणि त्यात लेखनकाळात सोसलेल्या यातना सविस्तर आल्या आहेत. प्रकाशनाला अध्यक्ष कोणाला बोलवायचं, यावरून घरात एकदा कडाक्याचं भांडणही झालं. राहता राहिला मधला मजकूर.

त्याच्यापुढे वयाचा विषय काढू नये. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हे तो स्वतः पंचविशी गाठेपर्यंत ज्याला त्याला ऐकवायचा. हल्ली लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतो. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली निघाला तेव्हा बाईंनी पासष्टी ओलांडली होती. आगामी लेखक अठ्ठेचाळीसचा. म्हणजे घाई कसली?

संक्रांतीपर्यंत पहिलं वाक्य होतं. फेब्रुवारीत मुलाची बारावी, मार्चमध्ये ऑफिसचं इयर एंडिंग, मेमध्ये लग्नं. जूनमध्ये पाऊस असा काही लागतो की खिडकी सोडून टेबलाशी बसणं त्याला अरसिकपणाचं वाटतं. डायरीची मागची पानं तोवर वहिनींनी भिशीच्या हिशेबाला घेतलेली असतात, आणि खरं सांगायचं तर त्या घरात नेमाने होणारं लेखन तेवढंच.

परवा भेटला तो संतापलेला. हातात कुणाची तरी नवी कोरी कादंबरी.

"वाचलीस? अरे, सगळं माझ्या डोक्यातलं! मेल्याने लिहून टाकलं! आता मला सगळं मनोगत बदलावं लागणार."