पोर्ट क्रमांक २३ यांना खुले पत्र

श्री. पोर्ट क्रमांक २३ (टेलनेट) यांस,
स. न. वि. वि.

० ते ६५,५३५ अशी आपली अवाढव्य भावकी. त्यातले बहुतेक दार लावून बसलेले. आपण मात्र कुणाच्या तरी सीसीटीव्ही कॅमेऱ्यात बसून रात्रंदिवस पाहुण्यांची वाट पाहता. आलेल्याचा पासवर्डही साध्या अक्षरांत नेता, वाटेतल्या कुणालाही वाचता यावा म्हणून. पारदर्शक कारभार तो हाच! शेजारचे २२ क्रमांक, एसएसएच, १९९५ पासून सगळं कुलूपबंद नेतात. संशयी स्वभाव, दुसरं काय.

२०१६ साली आपल्याकडे मिराई नावाचा मालवेअर आला. खिशात कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या. तेवढ्या पुरल्या. लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या फौजेत गेले, आणि २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन कंपनीवरच्या त्यांच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येकांना दिसेनासे झाले. मालकांचे कॅमेरे नीट चालू होते, त्यामुळे तक्रार कोण करणार? शिस्तही पाहा: आत शिरताच मिराईने आपल्यालाच बंद केलं, मागून दुसरा चोर येऊ नये म्हणून. मालकाला जे सुचलं नाही ते चोराला सुचलं.

मालक चौकशी करत नाही, हे आपलं भाग्य. विंडोजवर नेटस्टॅट -एएनओ टाईप केलं की कोण कान लावून बसलंय ते दिसतं. पत्ता १२७.०.०.१ असेल तर बोलणं घरातल्या घरात, ०.०.०.० असेल तर जाळ्यातल्या कुणालाही मुभा. कॅमेऱ्याला ना कीबोर्ड ना पडदा, म्हणून त्याला दुसऱ्या संगणकावरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने विचारावं लागतं. हे १९९७ पासून फुकट मिळतं. एक सिन पाकीट पाठवायचं: होकार आला तर उघडं, रिसेट आला तर बंद, काहीच आलं नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल. तेही वेगळं सांगितलं नाही तर नेहमीची १००० पोर्टच तपासतं. आडनंबरी भावंडं निसटतात. शिवाय घरातून पाहिलं तर यूपीएनपीने राउटरमध्ये परस्पर पाडलेलं भगदाड दिसतच नाही. (शेजाऱ्याच्या यंत्रावर मात्र ही तपासणी करू नये, असं मालकांना सांगायला हवं. सांगणार कोण?)

मिराई फक्त मेमरीत राहतो, वीज गेली की जातो. पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत हजर. तेव्हा आपण निश्चिंत असावं.

आपला भाऊबंद,
पोर्ट क्रमांक ४४५

ता. क. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर मालवेअर आमच्याकडे उतरला होता. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मालकांनी लावली नव्हती.