टीव्हीवर गुगल आलं हो!

"भाऊजी, आयकलं का? आमच्या पोट्ट्यानं टीव्हीवर गुगल काढलं!"

मे महिन्यात खामगावात सकाळी आठनंतर अंगणात माणूस दिसत नाही. पण शेजारच्या वहिनींकडे बातमी असली की त्यांना ऊन लागत नाही. बाजेवर कुरडया घालायच्या अर्धवट सोडून त्या मधल्या भिंतीशी आल्या होत्या, आणि हाताला चीक तसाच.

"वहिनी, टीव्हीवर गुगल असतेच की आजकाल."

"तसं नाई बावा. टीव्ही आमचा जुनाच हाय. त्याच्या मामानं दुबईवरून थो खेळाचा डब्बा नाई का आणला? त्याच्यात गुगल येतच नाई म्हणत. ह्यानं कोणता तं नंबर टाकला, अन खटकन उघडलं. मामाले सुदा जमत नव्हतं!"

सुनेच्या भावाला जमलं नाही ते नातवाला जमलं, यात वहिनींना नातवाच्या हुशारीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद जास्त होता. सूनबाई पलीकडे नळावर होती. तिनं बादली जरा जोरातच ठेवली.

"नंबर टाकला तो कोणाचा?" मी विचारलं.

"कोणाचा म्हंजे? नंबर तो नंबर."

माझी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. नंबर म्हटला की 'कोणाचा' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. मी म्हटलं, बोलवा त्या शास्त्रज्ञाला.

नातू आठवीतून नववीत गेलेला. आला तो डबा हातात घेऊनच. निन्टेन्डो स्विच. टीव्हीला जोडला तर टीव्हीवर, काढला तर हातात. "आबा, सोपं आहे," म्हणत त्यानं भिंतीवरूनच दाखवायला सुरुवात केली. सिस्टीम सेटिंग्ज, मग इंटरनेट, मग आपलं वायफाय निवडून चेंज सेटिंग्ज. तिथे डीएनएस सेटिंग्ज ऑटोमॅटिकवर असतं, ते मॅन्युअल करायचं. मग प्रायमरी डीएनएस म्हणून तीन-तीन आकड्यांचे चार कप्पे येतात. त्यात त्यानं कुठल्याशा व्हिडिओतला नंबर भरला होता. जतन केलं, वायफाय जोडलं, आणि एक पान उघडलं. त्यातून पुढे गुगल.

"ह्या नंबरवर कोण बसलंय, ठाऊक आहे?"

"नाही. पण लाखो लोक वापरतात, कमेंटमध्ये लिहिलंय."

आता वहिनींना डीएनएस म्हणजे काय ते सांगणं आलं. वयानं मोठ्या वाचकांना टेलिफोन चौकशीचा १९७ आठवत असेल. नाव सांगायचं आणि पलीकडची बाई नंबर सांगायची. डीएनएस म्हणजे तीच चौकशी. यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकलं की यंत्र आधी चौकशीला विचारतं, "ह्याचा नंबर काय?" जो नंबर मिळेल तिथे मुकाट्यानं जातं. इंटरनेट लहान होतं तेव्हा तर ही चौकशी खरोखर माणसांकडे होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू सगळ्या यंत्रांची यादी एका फाइलमध्ये ठेवायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना फोन करून नाव नोंदवायचं, आणि तेही कचेरीच्या वेळेत. पसारा वाढला, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत आखली. २०१४ पासून 'डॉट भारत' म्हणून देवनागरीतही नावं घेता येतात. पण चौकशीला विचारायचं ते तसंच.

"अन ती चौकशीवालीच खोटा नंबर देईल तं?" वहिनींनी विचारलं.

नेमका प्रश्न. चाळीस वर्षांत माझ्या साहेबांपैकी कोणाला सुचला नसता.

नातवाच्या डब्यात तेच चाललं होतं. स्विचमध्ये ब्राउझर आहे, पण तो लपवलेला आहे. रेल्वे स्टेशनवरचं फुकट वायफाय जोडलं की आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान येतं ना, तेवढ्या पानापुरता तो ठेवलाय. डबा वायफायला जोडला की आधी निन्टेन्डोचं एक ठरलेलं पान मागून पाहतो. बरोबर उत्तर आलं तर इंटरनेट ठीक. वेगळंच काही आलं तर त्याला वाटतं, इथे लॉगिन करावं लागतंय, आणि तो ब्राउझर उघडून देतो. व्हिडिओतल्या नंबरवाला त्या ठरलेल्या पानाच्या नावाला स्वतःचा पत्ता सांगतो. म्हणजे गुगल येतं ते डब्याला फसवून. युक्ती भारी आहे, नाकारत नाही. पण फसवण्याचं काम ज्याला जमतं, त्याच्याच हाती यापुढच्या सगळ्या चौकश्या. कुठलं नाव कधी विचारलं ते त्याला दिसणार, आणि उद्या मनात आलं तर दुसऱ्याच दारात नेऊन उभं करणार.

"पण काका, बँकेच्या साइटला कुलूप असतं ना?" सूनबाई आता बादली सोडून भिंतीशी आली होती. पोरगी जळगावकडची, बँकेचे व्यवहार तीच बघते.

असतं, आणि ते कुलूप बरंच वाचवतं. नाव एकाचं आणि पत्ता दुसऱ्याचा निघाला तर ब्राउझर लाल पान दाखवून ओरडतो. पण त्या लाल पानावर 'तरी पुढे जा' असंही एक बटण असतं, आणि ते कोण दाबणार हे भिंतीपलीकडे उभं होतं. त्यातून डब्यातला हा लपवलेला ब्राउझर मोबाइलच्या ब्राउझरसारखा सगळ्या बाजूंनी तयार केलेला नाही. स्विच ३ मार्च २०१७ ला बाजारात आला. आठवड्या-दोन आठवड्यांतच जाणकारांनी दाखवून दिलं की त्याच्या ब्राउझरमध्ये एक जुनी फट तशीच राहिली आहे. तीच फट आयफोनमध्ये पेगासस या हेरगिरीच्या प्रोग्रॅमवाल्यांनी वापरली होती आणि ॲपलनं ती ऑगस्ट २०१६ मध्ये बुजवली होती. निन्टेन्डोनंही पुढे बुजवली. पण ब्राउझर दाखवायचाच नाही असं कंपनीनं ठरवलं, त्याला काही कारण असेल, एवढं त्यावरून समजावं.

"म्हंजे असं कोणाचं झालं बी हाय का, का तुम्ही उगा भेव दाखवून राह्यले?"

झालंय. 'डीएनएस चेंजर' नावाचा एक विषाणू होता. संगणकात शिरायचा आणि हा चौकशीचा नंबर बदलायचा. माणसाला वाटायचं सगळं नेहमीसारखं चाललंय, आणि जाहिराती मात्र चोरांच्या दिसायच्या, पैसा चोरांना मिळायचा. शंभराहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख संगणक. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातल्या सहा जणांना पकडलं. गंमत पुढेच आहे. चोरांची चौकशी एकदम बंद केली असती तर त्या लाखो लोकांचं इंटरनेटच गेलं असतं. म्हणून अमेरिकेत कोर्टाच्या हुकमानं त्यांच्या जागी चांगली यंत्रं बसवून कित्येक महिने चालवली, आणि ९ जुलै २०१२ ला बंद केली. तोवर ज्यांनी नंबर दुरुस्त केला नव्हता, त्यांच्यातल्या काहींचं त्या दिवशी सारं ठप्प.

वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं. "मंग डब्बा वापस पाठवू का मामाले?"

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं म्हटलं, डब्याचा काही दोष नाही. नंबर बदला. जो कप्पा पोरानं शोधलाय तो उलट फार कामाचा आहे, त्यात ओळखीच्या माणसाचा नंबर घाला.

क्लाउडफ्लेअर नावाची अमेरिकेतली मोठी कंपनी आहे. तिची साधी चौकशी १.१.१.१, एप्रिल २०१८ पासूनची. २०२० मध्ये तिनं घरांसाठी दोन वेगळे नंबर काढले. १.१.१.२ वर विषाणू पसरवणाऱ्या साइटची नावं विचारली तर उत्तरच मिळत नाही. १.१.१.३ वर त्या आणि वर अश्लील साइटसुद्धा बंद. प्रायमरीखालच्या सेकंडरी डीएनएसमध्ये १.०.०.३ भरायचं, तिथे दुसरं काही भरलं तर गाळणी अर्धीच राहते. स्वित्झर्लंडमध्ये क्वाड नाइन नावाची ना-नफा संस्था आहे, तिचा ९.९.९.९. ती फक्त धोक्याच्या साइट अडवते, मुलांचं वेगळं बघत नाही. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड म्हणूनही आहे, २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. मला विचाराल तर मुलांच्या घरात १.१.१.३. पाठ व्हायला सोपा, आणि पोरानं गुपचूप बदलला तर एका नजरेत कळतो.

"महिन्याचे किती घेतात?"

"काहीच नाही."

"फुकट कोणी कायले देते भाऊजी?"

वहिनींनी भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न विचारलाय, आणि बहुतेकदा बरोबर ठिकाणी विचारलाय. क्वाड नाइन सोडली तर ह्या कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकांना सेवा विकून पोट भरतात, आणि घरगुती चौकशी चालवल्यानं त्यांचं नाव होतं. माहितीचं काय करतो ते त्यांनी लिहून ठेवलंय, चुकल्या तर जाब विचारायला पत्ता आहे. व्हिडिओवाल्याचा पत्ता काय?

नातू इतका वेळ गप्प होता. "पण आबा, डीएनएस बदललं की पिंग कमी होतो. गेम लॅग मारत नाही."

हा गैरसमज सगळीकडे पसरलाय. चौकशी एकदा झाली, पत्ता मिळाला, मग खेळ थेट त्या पत्त्याशी बोलतो. चौकशीवाली मध्ये नसते. साइट उघडायला अर्ध्या क्षणाचा फरक पडेल. गोळी उशिरा लागते ती डीएनएसमुळे नाही, आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून. केबल जोड.

सूनबाईनं मुद्द्याचं विचारलं. "म्हणजे हा नंबर घातला की मी निर्धास्त?"

नाही. गाळणी नाव बघते, पान बघत नाही. यूट्यूब हे एकच नाव, त्यात भजनही आणि नको तेही. खेळता खेळता कानाला हेडफोन लावून कोण अनोळखी माणूस पोराशी काय बोलतो, ते तिला ऐकू येत नाही. कार्ड जोडलेलं असेल तर खेळातल्या तलवारी-टोप्यांवर पैसे उडतात, ते तिला दिसत नाही. आणि बाबांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं की घरची गाळणी बाजूला. हे मी बोलत असताना नातवाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, त्यावरून हा मार्ग त्याला आधीच ठाऊक होता.

तेव्हा नंबर डब्यात घालण्यापेक्षा राऊटरमध्ये घालावा, म्हणजे घरातले मोबाइलसुद्धा त्याच चौकशीतून जातील. काही कंपन्यांच्या राऊटरमध्ये तो बदलताच येत नाही, तिथे डब्यातच घालायचा. डब्यात पालकांसाठी पिनची सोय आहे, मोबाइलवर त्याचं ॲपही मिळतं. किती वेळ खेळायचं, इतरांशी बोलू द्यायचं की नाही, ते तिथून ठरतं. पिन आईनं ठेवावी. आजीनं नाही, आजी दुसऱ्या दिवशी सांगून टाकते. आणि राऊटरचा स्वतःचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' असाच राहिला असेल तर बाकी सगळं व्यर्थ, कारण आत शिरणारा आधी हाच नंबर बदलतो.

ब्राउझरचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. खेळाच्या दुसऱ्या डब्यांपैकी एक्सबॉक्समध्ये मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर उघडपणे दिलेला आहे, प्लेस्टेशन फोरमध्येही ब्राउझर आहे. तिथे चांगला नंबर घालून क्रिकेटचा स्कोअर बघा, अभ्यासाचं काही शोधा. स्विच आणि प्लेस्टेशन फाइव्हवर कंपन्यांनी तो समोर ठेवलेला नाही, तिथे फसवून उघडू नये. आणि टीव्हीच्या डब्यावर बँक, ईमेल, आधार यांचा पासवर्ड कधीही टाकू नये, मग नंबर कोणाचाही असो. टाकून बसलात आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात.

नातवानं माझ्यासमोर जुना नंबर पुसला. तीन-तीनचे कप्पे असल्यानं त्याला ००१.००१.००१.००३ असं भरावं लागलं. डबा पुन्हा जोडला. ब्राउझर उघडला नाही, खेळ मात्र चालू झाला. वहिनी म्हणाल्या, "घ्या बाप्पा, गुगल गेलं का?" आणि सूनबाई पहिल्यांदा हसली.

दुपारपर्यंत वहिनींनी ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि तीही अशी की भाऊजी फुकटात इंटरनेट गाळून देतात. म्हणून इथेच सांगून ठेवतो. ज्यांना राऊटरमधला नंबर बदलून हवा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर या, घरातल्या मुलांना सोबत आणा, लपून करू नका. राऊटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून आणा. पण कृपा करून तो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.