रानातलं लग्न, पळून आणि स्वस्तात

पळून जाऊन लग्न करणाऱ्यांची आपल्याकडे वर्षानुवर्षं एक ठरलेली सोय आहे: आळंदी. तिथे गुरुजी मिळतात, हार मिळतात, फोटोवालाही मिळतो. पण हल्लीच्या इच्छुकांना रान हवं असतं. डोंगर, धुकं, दगडी देऊळ, पत्रावळीवर पिठलं, आणि खर्च मात्र वीस हजारांच्या आत. एकदा अशा लग्नात साक्षीदार म्हणून सही केली आहे, तेवढ्या अधिकारावर हे मार्गदर्शन.

आधी एक खुलासा. जात किंवा धर्म आडवा येऊन ज्यांच्या जिवावर बेतलं आहे, त्यांनी हे वाचत बसू नये. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष स्थापन करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या शक्तिवाहिनी खटल्यात सांगितलं आहे. त्यांनी थेट तिकडची वाट धरावी. घरचे फक्त रुसणार आहेत, अशांसाठीच पुढचा मजकूर आहे.

घराबाहेर पडायला सबळ कारण लागतं. या बाबतीत रुक्मिणीहून मोठा गुरू नाही. कौंडिण्यपूरच्या या राजकन्येने आधी पत्र धाडून सगळं पक्कं केलं, आणि बाहेर पडायला निमित्त कोणतं, तर अंबिकेचं दर्शन. देवदर्शनाला कोण नाही म्हणणार? आज त्या जागी ट्रेक आहे. मात्र रुक्मिणीचा भाऊ रथ घेऊन मागे लागला होता, हेही विसरू नये. मेव्हण्याच्या गाडीत पेट्रोल किती आहे, याची आदल्या रात्री माहिती असावी.

आता मुहूर्त. माझी शिफारस: पितृपक्ष. या पंधरवड्यात कुणी लग्न करेल, अशी शंकादेखील कुणाच्या मनाला शिवत नाही. शिवाय पाऊस ओसरत आलेला असतो आणि सह्याद्रीचे उतार सोनकीने पिवळे, तेरड्याने गुलाबी झालेले असतात. शहरात मांडववाला ज्या सजावटीचे लाखभर रुपये सांगेल, ती इथे फुकट. फक्त तोडू नये, तिच्याशेजारी उभं राहावं. अडचण एकच, गुरुजी मिळत नाहीत. ते श्राद्धांत गुंतलेले असतात, आणि मोकळे असले तरी तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती सोसण्यासारखी नसते.

म्हणून कायदा. १९५४च्या विशेष विवाह कायद्याची मौज अशी की, पळून जाणाऱ्याला आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. घाबरू नये. काही ठिकाणी फलकावर पाळत ठेवणारे हितचिंतक असतात खरे, पण एरवी सरकारी सूचनाफलकाइतकं सुरक्षित गुपित दुसरीकडे कुठे राहत नाही. आमच्या वेळी नोटिशीवर टाचणीने कुणाची तरी हरवलेली छत्रीची पावती लावलेली होती. साक्षीदार तीन लागतात. याच कायद्यात, जादा फी भरल्यास कार्यालयापासून ‘वाजवी अंतरावर’ लग्न लावण्याचीही सोय आहे. आमच्या मनात होता तो तोरणा किल्ला समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. हे अंतर वाजवी आहे का, असं आमच्या नवरदेवाने विचारलं. विवाह अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. सही कार्यालयातच झाली.

स्थळाबद्दल जपून. राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे, म्हणजे होम बाद. उघड्या कड्याखाली पेटवाल तर वर आग्या मोहोळ असतं. धूर आणि अत्तर या दोन गोष्टी त्याला मुळीच खपत नाहीत, आणि लग्नात नेमक्या त्याच दोन असतात. सप्तपदी तोरण्याच्या झुंजार माचीवर करू नये. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सातव्या पावलाला लग्न पुरं होतं. तिथे आठव्या पावलाला बाकीचंही होईल.

तेव्हा पायथ्याचं देऊळ बरं. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरावी. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वधूपक्षाचा प्रवास निम्म्यात होतो.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. रानात कुणी नसतं हा शहरी समज आहे. आम्ही देवळाच्या पायरीवर पिशव्या टेकवल्या तोच गुरवाच्या मावशी आल्या. “कुठलं गाव, पोरी?” पहिला प्रश्न. दुसऱ्याला आडनाव निघालं. तिसऱ्याला मावशींच्या जावेचं माहेर आणि वधूच्या आजोळचं गाव एकच निघालं. चौथा प्रश्न नव्हताच. “आईबाप कुठायत?” असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या.

पाचच माणसांचं ठरलेलं लग्न तासाभरात चाळीस माणसांचं झालं. किराणा दुकानदार मामा झाले. अंतरपाटाला कुणाचं तरी उपरणं आलं. मंगलाष्टकं निवृत्त मास्तरांनी म्हटली, पितृपक्षाचं विचारल्यावर ते म्हणाले, “सही झालीय ना? मग लग्न झालंय. मी नुसता गातोय.” नाचणीच्या भाकऱ्यांचे पैसे घ्यायला बायकांनी साफ नकार दिला. बेसन, तेल, कांदे आणि गूळ मिळून अकराशे ऐंशी रुपये झाले, त्यातले ऐंशी मामांनी सोडले.

गावात फोनला रेंज फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर येते. मावशी तिथे बराच वेळ उभ्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

संध्याकाळच्या मुक्कामी गाडीतून वधूची आई उतरली. हातात पिशवी, पिशवीत मोरपिशी पैठणी. दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेली. आम्ही साक्षीदार पिंपळामागे सरकलो. बाई लेकीसमोर उभ्या राहिल्या, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “लग्न केलंस ते केलंस. पण पितृपक्षात?”

मग पिठलं परत तापवावं लागलं.

हिशेबाच्या वहीत शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. आईंचं तिकीट, अर्धं.