नऊ नंबरची जर्सी कोणाची?

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की कोल्हापूरच्या पेठांत एकच चौकशी सुरू होते : यंदा कोण येतोय? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तालीम कुठलीही असो, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) खेळाडू नोंदणी जवळ येते तशी कुजबुज वाढते ती आफ्रिकेतून येणाऱ्या स्ट्रायकरची. त्याच्या गोलांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. गल्लीतला कुठला पोरगा यंदा वरिष्ठ संघात येणार, याची मात्र अफवासुद्धा उठत नाही. मला खुपतं ते हेच.

वरच्या पातळीवर तरी वेगळं काय घडलं? इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा युरोपातले नामवंत आले : अनेल्का मुंबईत, त्रेझेगे पुण्यात, पिरेस गोव्यात. देल पिएरोला दिल्लीनं आणलं. दहा सामन्यांत त्याचा गोल एक. कारकीर्द मावळतीला लागलेली माणसं ती. त्यांच्याकडून तिकीटविक्रीपलीकडे अपेक्षा ठेवणं हीच चूक होती. याउलट २०१७ मध्ये एफसी गोवानं फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, आणला तेव्हा एवढा गाजावाजा झाला नाही. पण प्रशिक्षक लोबेरांच्या पासिंगच्या खेळात तो चपखल बसला आणि ५७ सामन्यांत ४८ गोल करून गेला. त्याही आधी धेंपो क्लबनं परदेशी स्ट्रायकर रँटी मार्टिन्सला वर्षानुवर्षं सांभाळलं आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तेव्हा परदेशी खेळाडू आणण्याला माझा विरोध नाही. गरज ओळखून आणा, आणि आणलात तर टिकवा.

पण परदेशी स्ट्रायकर आणण्याची किंमत कोण मोजतं तेही बघा. क्लबला याच हंगामात निकाल हवा असतो, म्हणून प्रशिक्षक गोल करण्याचं काम परदेशी खेळाडूकडे देतो. भारतीय पोरगा विंगला सरकतो, नाहीतर बाकावर बसतो. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत इंडियन सुपर लीगचे अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळाला नाही. २०२४-२५ मध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे? सुनील छेत्रीचे, चौदा, वयाच्या चाळिशीत! २०२४ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या या माणसाला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. छेत्रीला माझा सलाम. पण एवढ्या मोठ्या देशाला त्याच्या जागी दुसरा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, सापडू नये, ही फुटबॉल चालवणाऱ्यांसाठी शरमेची गोष्ट आहे.

पोरं नाहीत असं कुणी सांगू नये. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. पण तो घडला पुण्यात जाऊन; पुढचा तरी इथेच घडायला हवा.

म्हणून पाठीराख्यांना एक विनंती. वर्गणी तुम्ही देता, शाहू स्टेडियम तुम्ही भरता, तुमचा शब्द तालमीत चालतो. यंदा नोंदणीच्या आधी कारभाऱ्यांना गाठा आणि विचारा : आपल्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांतले किती जण यंदा आघाडीला खेळणार, आणि किती मिनिटं? आकडा घेतल्याशिवाय उठू नका.