प्लगाची साक्ष

मी सेकंडहॅण्ड गाडी घेतली असं कुणाला सांगत नाही. 'अबार्थ' घेतली असं सांगतो. लोक गाडीला एक प्रदक्षिणा घालतात आणि विचारतात, "पुंटोच ना ही?" मग मला टर्बो, 145 हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर 8.8 सेकंदांत, असा सगळा पाढा म्हणावा लागतो. शेवटी विंचवाची कथा. मूळपुरुष कार्लो अबार्थ यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 चा, रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. (रास चंद्रावरून बघतात, हे त्यांना व्हिएन्नात कुणी सांगितलं नसावं.) माझा विंचू मात्र रांजणगावच्या कारखान्यातला. म्हणजे महागणपतीच्या गावचा.

विकणारा म्हणाला होता, "सगळं केलेलं आहे." कधी केलं, ते म्हणाला नव्हता. मिस्त्रींनी ते वाक्य ऐकलं आणि टायमिंग बेल्ट मागवला. कागद नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. तो धावताना तुटला तर थेट इंजिन उघडावं लागतं. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे ओघानं आलंच. मी शेजारी उभा राहून "फुल सिंथेटिकच घाला, फाइव्ह डब्ल्यू फोर्टी" असं चार लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं.

मग मिस्त्रींनी प्लग काढले. चारही काळेकुट्ट, काजळी धरलेले.

"साहेब, गाडी पळवता ना?"

"म्हणजे काय!"

"कुठं?"

पळणाऱ्या गाडीचा प्लग फिकट तपकिरी असतो. काळा प्लग म्हणजे गाडी गरम व्हायच्या आत घरी येते.

आता माझी बाजू ऐका. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून 155 मिलिमीटरवर. कागदावर सगळं जुळतं. पण आमच्या गल्लीतला गतिरोधक कुणीतरी उरलेल्या डांबरात एका रात्रीत उरकलेला आहे. उंचीला उखळ, रुंदीला पाट. त्यावर गाडी तिरकी घालावी लागते, एकेक चाक चढवत, आणि त्याआधी मागची माणसं उतरवावी लागतात. सासूबाई आता न सांगता दार उघडतात आणि पलीकडे जाऊन उभ्या राहतात. कोथरूड ते कॅम्प मी प्रत्येक गतिरोधक नावानं ओळखतो. शाळेपुढचे जुळे. दवाखान्यासमोरचा खरवड्या. आणि पट्टे पुसला गेलेला आंधळा, ज्याच्यावर माझा पुढचा बंपर दोनदा वाहिला गेलाय. मागून येणारा रिक्षावाला हॉर्न देतो तेव्हा त्याला 8.8 सेकंदांचं सांगायची फार इच्छा होते.

"महिन्यातून एकदा हायवेला नेऊन ओढा," मिस्त्री म्हणाले. डॉक्टर फिरायला जायला सांगतात त्या सुरात.

बाबा बरोबर आले होते. त्यांनी एक प्लग उचलला, वास घेतला, अंगठ्यानं काजळी पुसली. आमच्या पद्मिनीचे प्लग ते दर रविवारी काढत. झाकणात रॉकेल, जुना टूथब्रश, मग पॉलिश पेपर. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मित्र यायच्या आत हे आटपावं म्हणून तोंड वाकडं करून बसायचो.

"पॉलिश पेपर आहे का?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"हे इरिडियमचे आहेत काका. टोक सुईएवढं असतं, घासलं तर वाया जातं. बदलायचेच."

"घासायचेच नाहीत?"

"नाही."

बाबा काही बोलले नाहीत. प्लग फडक्यावर ठेवताना त्यांनी चारही एका रांगेत लावले, सिलिंडरच्या क्रमानं. मीही गप्प बसलो. बोलण्यासारखं माझ्याकडे फक्त 145 हॉर्सपॉवर होतं.

बिल देऊन आलो तेव्हा फडकं रिकामं होतं.

रविवारी सकाळी बाल्कनीतून टर्पेंटाइनचा वास आला. बाबा पाटावर बसले होते आणि माझा टूथब्रश सापडत नव्हता.