सेव्ह करावे आणि निर्धास्त व्हावे
(जळगाव-धुळ्यातील होतकरू संग्राहकांसाठी)

पात्रता : वय १८ ते २८, डोळ्यांपुढे एमपीएससी किंवा पोलीस भरती, आणि ‘नंतर बघू’वर अढळ श्रद्धा.

१. आधी सेव्ह, मग पाहणे. रील संपेपर्यंत थांबू नये. जिओ सप्टेंबर २०१६मध्ये आले आणि इन्स्टाग्रामची सेव्हची सोय त्याच डिसेंबरात. असा योग वाया घालवू नये.

२. कप्पे पाडावेत. ‘अभ्यास’, ‘जिम’, ‘एकदा जायचंच’. धुळ्यात राहून लळिंगचा किल्ला शेवटच्या कप्प्यात टाकावा. आई घरी भरीत करत असली, तरी भरिताची रेसिपी संग्रही असावी.

३. पीडीएफ अनेक ठिकाणांहून घ्यावी. अभ्यासिकेत ‘नोट्स टाक ना भो’ म्हणत राहावे. डाऊनलोड पुरे होताच अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. ते घेऊन चहाला जावे.

४. जागा संपल्यास डगमगू नये. गूगल फोटोजमधला अमर्याद फुकट कारभार १ जून २०२१ला आटोपला. आता ईमेलसकट सारा संसार १५ जीबीत. आत्याचे ‘सुप्रभात’ पुसावे. स्क्रीनशॉटला हात लावू नये.

५. वडिलांनी हटकल्यास इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव घ्यावे. तेही गावोगावची दप्तरे गोळा करत; १९२६मध्ये धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. मात्र त्यांनी ते कागद वाचले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, हा तपशील गाळावा.

६. संग्रह उघडू नये. टाकणाऱ्याने पोस्ट काढली की ती आपल्याकडूनही जाते. आपल्यापाशी माल नसतो, नुसता पत्ता असतो, हे उघडल्यावरच कळते. न उघडणाऱ्याची श्रीमंती अबाधित राहते.

७. ‘एवढं कशाला साठवतो?’ असे कोणी विचारल्यास खरे उत्तर देऊ नये. खरे उत्तर असे, की सेव्ह केले म्हणजे कशालाच नाही म्हणावे लागत नाही. फौजदार व्हायचे की तलाठी, पुण्याला जायचे की रावेरात केळीची बाग सांभाळायची, सगळे एकाच वेळी शक्य राहते. काहीही सोडले नाही, म्हणजे काही हुकलेही नाही.

अपवाद एकच. भरतीची जाहिरात सेव्ह करता येते. अर्जाची शेवटची तारीख तेवढ्याने थांबत नाही.