पॉइंटांचे फडणीस

जुन्या काळचा कंजूष मनुष्य समजावयास सोपा होता. तो खर्च टाळून शिल्लक पाडीत असे, आणि लोकही त्याला सरळ चिक्कू म्हणून मोकळे होत. परंतु खिशात पाच-सहा क्रेडिट कार्डे बाळगून, प्रत्येक खरेदीपूर्वी त्यांतले कोणते बाहेर काढावे याचा मनाशी खल करून, खर्च करीत करीतच शिल्लक पाडणारा जो एक नवा गृहस्थ गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील गृहनिर्माण संस्थांमधून उदयास आला आहे, त्याचे वर्णन करताना कंजूष आणि उधळ्या ही दोन्ही विशेषणे सारखीच अपुरी पडतात. त्याला मी पॉइंटांचा फडणीस म्हणतो. कारण पेशवाईतील दफ्तरदाराची सारी दक्षता त्याच्या ठायी आहे, दौलत तेवढी बँकेची आहे.

माझ्या परिचयाच्या अशा एका फडणिसांचे दप्तर म्हणजे संगणकावरील एक अवाढव्य तक्ता. कोणत्या कार्डावर किती पॉइंट जमा, कोणत्या पॉइंटांची मुदत केव्हा संपते, किती खर्चाचा टप्पा गाठला असता वार्षिक शुल्क माफ होते, यांची नोंद त्यात रोजकीर्दीच्या शिस्तीने होत असते. उपाहारगृहात बिल आले म्हणजे सामान्य मनुष्याची दृष्टी छताकडे किंवा बडीशेपेच्या ताटलीकडे वळते. फडणीस मात्र बिलावर झडप घालतात, आणि त्यांच्या औदार्याने मंडळी गहिवरण्यापूर्वीच ‘आपापले मला जीपे करा’ असे फर्मान सुटते. शेजाऱ्यांचा फ्रीज, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नातील कार्यालयाची अनामत, भाच्याच्या महाविद्यालयाची फी, हे सारे त्यांच्याच कार्डावरून भरले जाते. रक्कम ज्याची त्याने द्यावयाची आणि पॉइंटांचे उत्पन्न यांच्या खाती जमा व्हावयाचे. एखाद्या आप्ताने परस्पर रोखीने टीव्ही आणला, तर ‘अरे, मला सांगायचं नाहीस का?’ या त्यांच्या उद्गारात जी व्यथा असते, ती घरातले आजारपण न कळविल्याबद्दलही नसते. घरभाडे आणि पेट्रोल यांवरील पॉइंट अनेक बँकांनी आटोपते घेतले, त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर इनाम खालसा झालेल्या सरदाराची कळा होती.

या विद्येची परंपराही त्यांना मुखोद्गत आहे. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १ मे १९८१ रोजी नित्याच्या उतारूंना मैलांचे बक्षीस देण्याची योजना काढली, तो या पंथाचा शकारंभ. तो नेमका महाराष्ट्र दिनी यावा, हा त्यांना दैवी संकेत वाटतो. १९९९ साली पुडिंगच्या १२,१५० वाट्या विकत घेऊन, केवळ वेष्टनांच्या बळावर बारा लाखांहून अधिक मैल पदरात पाडून घेणारा कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नामक अभियंता, हा पंथाचा आद्य सत्पुरुष. पुडिंग त्याने दानधर्मात दिले आणि मैल ठेवून घेतले, हा कथाभाग सांगताना फडणिसांचा कंठ दाटून येतो. आणि श्रीखंडाच्या डब्यांवर असली योजना आपल्याकडे अद्यापि कोणास सुचली नाही, याबद्दल वहिनी देवाचे आभार मानतात.

अशा या फडणिसांनी गतवर्षी सहकुटुंब अंदमानची मोहीम काढली. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या तिन्ही ठिकाणांचे मुक्काम मुक्रर झाले. त्यांपैकी शेवटच्या दोन बेटांची नावे २०१८ साली अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशी झाली आणि २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले, म्हणून तक्त्यात जुन्या-नव्या नावांचे स्वतंत्र रकाने पडले. १०० रुपयांमागे १ पॉइंट आणि पॉइंटाची किंमत २५ पैसे, असा भाव असलेल्या साध्या कार्डावर १०,००० रुपयांचे तिकीट मिळविण्यास ४० लाख रुपयांचा बाजार करावा लागतो, हे त्रैराशिक मी त्यांच्यापुढे मांडले, तेव्हा ते माझ्याकडे करुणेने पाहून हसले. असल्या कार्डावर विसंबणे हे भाबड्यांचे काम. जाणत्याने पाचपट-दहापट पॉइंटांचा मुहूर्त साधून बाजार करावा, ते पॉइंट विमानकंपनीच्या खात्यात वळते करावे, आणि कंपनी जी मोजकी आसने पॉइंटांवर सोडते त्यांवर पहाटे उठून पाळत ठेवावी, असे सविस्तर प्रवचन मला ऐकावे लागले.

पाळतीस फळ आले, पण पाचही आसने एका विमानात मिळाली नाहीत. सबब कुटुंबाच्या दोन तुकड्या पाडण्यात आल्या: फडणीस व त्यांच्या मातोश्री आदल्या दिवशी, वहिनी व दोन मुले दुसऱ्या दिवशी, आणि दोन्ही तुकड्यांचा चेन्नईत एकेक रात्रीचा तळ. ‘फुकट’ तिकिटांवरील कर व अधिभार रोखीने भरावे लागले. एका बँकेने पॉइंट वटविण्याचे ९९ रुपये आणि त्यांवर १८ टक्के जीएसटी, एकूण ११६ रुपये ८२ पैसे आकारले, तेव्हा ते ८२ पैसे फडणिसांच्या जिव्हारी लागले. त्याची भरपाई त्यांनी विमानतळावर केली. तेथील लाउंजमध्ये कार्ड घासताच अवघे २ रुपये कापून घेऊन भोजन घालतात. म्हणून उड्डाणापूर्वी चार तास पोहोचून, मातोश्रींच्या नावे मुद्दाम काढलेले पुरवणी कार्डही कामी लावून, इडलीपासून गुलाबजामापर्यंत यथासांग वसुली करण्यात आली. ‘अरे, अशानं यांचं दिवाळं निघेल रे!’ अशी काळजी मातोश्रींनी तेथल्या तेथे व्यक्त केली.

अंदमानास पोहोचल्यावर एका अडचणीस तोंड द्यावे लागले: समुद्र पॉइंट स्वीकारीत नाही. सरकारी बोटीची स्वस्त तिकिटे संपली होती, खाजगी बोटीस प्रत्येकी हजारावर रुपये पडले, आणि विमानाचे तक्ते वर्षभर रचणाऱ्या या चाणाक्ष पुरुषाने ते निमूट मोजले. सेल्युलर जेलमध्ये तर आणखी नवल घडले. १९०६ साली पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगातील कोठड्यांचा आकडा त्यांनी सवयीने टिपून घेतला. पण सावरकरांसारख्या बंद्यांस कोलूला जुंपून दररोज ३० पौंड खोबरेल गाळण्याचा जो टप्पा बांधून दिलेला असे, तो वाटाड्याने सांगितला, तेव्हा आयुष्यभर बँकेने आखलेले टप्पे उत्साहाने गाठत आलेल्या फडणिसांनी वही मिटली, आणि त्या संध्याकाळी पॉइंट हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रकृती पूर्वपदावर आली. स्वराज द्वीपावरील राधानगर किनारा २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविला होता, आणि तेथील सूर्यास्त पाहण्यासाठी सारी मंडळी वाळूवर बसली. फडणीस मात्र शहाळेवाल्यापाशी उभे होते. त्याच्या क्यूआर कोडवर रुपे क्रेडिट कार्ड चालते काय, या प्रश्नाचा निकाल बेटावरील क्षीण नेटवर्कमुळे लागत नव्हता. आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे आणि अंदमान जवळजवळ ९३ रेखांशावर, त्यामुळे तेथे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. शहाळ्याचे पैसे वळते झाले, तेव्हा मावळून झाले होते.

परतल्यावर मी जमाखर्च मागितला. चेन्नईचे दोन तळ, अधिभार, बोटी आणि पॉइंटांसाठी घेतलेला, अद्यापि वेष्टनातच असलेला एअर फ्रायर धरून पाहता, सहल-कंपनीच्या दरापेक्षा चार पैसे अधिकच गेले होते. हे मी वहिनींच्या कानी घातले. त्या म्हणाल्या, ‘मला का ठाऊक नाही? पण भावजी, फुकट नसतं तर आम्ही गेलोच नसतो.’

या उत्तरात फडणिसांची सारी उपपत्ती आली. ज्याच्या वडिलांनी मुलांच्या सुटीत गावची एसटी आणि कुलदैवताची यात्रा यांपलीकडे प्रवास केला नाही, त्या मध्यमवर्गीयास निव्वळ मौजेखातर रोख पैसे मोजणे अद्यापि अपराध वाटतो. पॉइंट त्याचे पैसे वाचवोत न वाचवोत, उपभोगाचा परवाना त्याच्या हाती देतात. आणि तो परवाना पाहिल्याखेरीज त्याचा विवेक त्याला समुद्राकाठी सोडीत नाही. परवान्याची फी थोडी जबर आहे इतकेच.

सध्या तक्त्यात लक्षद्वीपचा रकाना उघडला आहे. तळमजल्यावरील बिऱ्हाडास नवा एसी घ्यावयाचा आहे, अशी कुणकुण लागल्यापासून फडणीस त्या दारावरून दिवसातून दोनदा जातात, आणि कधी नव्हे ते वाढत्या उकाड्याविषयी आस्थेने चौकशी करितात.